अदनमधलं सुतक

बोट दुपारी सुटायची ती दिवेलागणीला सुटली. त्या दिवशी परळ-लालबागला हरताळ होता. ट्राम बंद, दुकानं बंद, गोदीत हमाल निम्मे. नायगावच्या आमच्या चाळीपासून धक्क्यापर्यंत दादा आणि मी चालत आलो. ट्रंक थोडा वेळ त्यांच्या खांद्यावर, थोडा वेळ माझ्या. वाटेत भिंतीभिंतींवर 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' असं चुन्याने लिहिलेलं होतं. दादा खोकल्यासाठी थांबत आणि थांबल्याचं दिसू नये म्हणून ती अक्षरं मोठ्याने वाचत. त्यांना वाचायला वेळ लागे. एवढं वाक्य त्यांना परळपासून भायखळ्यापर्यंत पुरलं.

दादा म्हणजे माझे वडील. गिरणीत कापूस पिंजण्याच्या खात्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. मी मॅट्रिक होऊन गोदीत कारकून लागलो होतो. बुडालेली गलबतं वर काढणाऱ्या एका लहानशा कंपनीने मला दीड वर्षासाठी अदनला पाठवायचं ठरवलं, तेव्हा दादांनी मला एकच प्रश्न विचारला होता. धक्क्यावर तोच पुन्हा विचारला.

"पाण्यात उतरायचं काम न्हाई ना?"

"नाही दादा. मी वर बसून वेळ लिहायची. कोण किती वाजता खाली गेला, किती वाजता वर आला."

"बसून ना? मग बरं," ते म्हणाले. बसून करायच्या कामाचं त्यांना फार अप्रूप होतं.

बोट हलली तेव्हा ते धक्क्यावर उभे होते, पांढरा सदरा, हात वर न करता. त्यांना हात हलवायची सवय नव्हती.

सहाव्या दिवशी सकाळी अदन दिसलं. हिरवं पान नाही, गवताची काडी नाही, जळून विझलेल्या कोळशासारखे काळे डोंगर आणि त्यांच्या पायाशी पांढरी घरं. किनाऱ्यावर सांबुक (शिडाची अरबी गलबतं) वाळूवर ओढून ठेवलेली. हवेत मासळीचा आणि तेलाचा वास. त्या वासाने मला माझगावची आठवण झाली आणि बरं वाटलं. तेवढीच एक ओळखीची गोष्ट होती.

कंपनीने मला एका वखारीच्या माडीवर खोली दिली. खोलीत आधीपासून दाऊदचाचा राहत होते. ते चिपळूणकडचे, आमच्या कामाच्या बोटीवर भंडारी, म्हणजे स्वयंपाकी. माझ्या ट्रंकेतून गिरगावातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून घेतलेली अकरा पुस्तकं निघाली, तेव्हा ते कमरेवर हात ठेवून बघत राहिले.

"एवढ्या पोथ्या वाचणारा तू कोण रे? भटजी काय?"

मी हसलो. त्या दिवसापासून मी भटजी झालो. "काय भटजी, आज कितीजण बुडवलेस?" असं ते रोज संध्याकाळी विचारत आणि पुढ्यात खुब्ज (जाड रोट) आणि सुरमईचं कालवण ठेवत. मी एकदाही त्यांना म्हणालो नाही की मी भटजी नाही आणि खरं काय आहे ते असं आहे. सांगायला हरकत नव्हती. सांगितलं नाही, इतकंच.

बंदरात कोळशाचा एक पडाव (मालाची सपाट बोट) बुडाला होता, तो आम्हाला वर काढायचा होता. खाली जाणारा मुख्य पाणबुड्या निको नावाचा ग्रीक. पन्नाशीचा, आखूड, कानांत केस. त्याच्या बेटावरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या समुद्रातून स्पंज काढत. तो मात्र नव्या रीतीने उतरे. पाठीवर हवेच्या दोन टाक्या, तोंडात रबरी नळी, डोळ्यांवर काच, कमरेला दोर. दोराचं दुसरं टोक माझ्या हाती आणि मांडीवर वही. एक हिसका म्हणजे ठीक आहे, तीन म्हणजे वर ओढा. तो कधीच तीन हिसके देत नसे.

मग सुवेझचा कालवा बंद पडला. बंदर आठवड्याभरात ओस झालं. आमचा दुसरा पाणबुड्या उत्तरेकडे मोठ्या कामाला निघून गेला. खाली एकट्याने काम करायचं नाही असा निकोचा नियम होता. त्याने माझ्याकडे बोट केलं आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "तू बारीक आहेस. घाबरट आहेस. घाबरट माणूस चांगला. चल."

दोर एका खलाशाच्या हाती देऊन पहिल्यांदा उतरलो तेव्हा आतल्या शांततेनेच दचकलो. आपला श्वास आपल्याच कानाला ऐकू येतो, बाकी काही नाही. पडावाचं लोखंड गंजून त्यावर शेवाळ धरलं होतं. लहान पिवळे मासे कोळशाच्या ढिगावर चरत होते. मी दोन माणसांमध्ये जो अवघडलेला असतो तो तिथे नव्हतो. अदनमध्ये आपल्याकडचे कारकून, व्यापारी पुष्कळ. कोणीही भेटला की आधी नाव, मग आडनाव, मग गाव आणि मग ते थांबून मनात हिशेब करत. पाण्याखाली निको फक्त बोटाने वर-खाली दाखवी. मला रोज उतरावंसं वाटू लागलं. घरी मात्र मी लिहिलं, काम बसून आहे.

हिवाळ्यात दादांचं पत्र आलं. अक्षर शेजारच्या कांबळे मास्तरांचं, मजकूर दादांचा. 'आम्ही सर्वांनी दादरला बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. देव्हाऱ्यातले देव समुद्रात सोडले. खोली मोठी झाल्यासारखी वाटते. तुझी दीक्षा राहिली आहे, आल्यावर घे. माझी तब्येत उत्तम.' मी ते पत्र तीनदा वाचलं. माझ्यामागे घरच्यांनी घर बदलावं आणि मला जुन्याच घराचा पत्ता ठाऊक असावा, तसं काहीसं वाटलं. दुसऱ्या दिवशी खाली उतरलो तेव्हा तळावर उगाच इकडेतिकडे पाहिलं.

त्यानंतर वाळूचं वारं सुटलं आणि मला पडसं झालं. निकोचा दुसरा नियम असा की नाक बंद असलेल्या माणसाने उतरायचं नाही, पाण्याच्या दाबाने कान फुटतो. तो सकाळी प्रत्येकाला नाक शिंकरायला लावी. मी खोलीवरच गरम पाण्याची वाफ घेऊन गेलो आणि त्याच्यासमोर स्वच्छ शिंकरून दाखवलं. ही लबाडी मी चार दिवस केली. पाचव्या दिवशी, सात-आठ पुरुष खोल पाण्यात, डाव्या कानात कोणीतरी तापलेली सुई खुपसली. मग थंड पाणी आत गेल्यासारखं वाटलं आणि सगळं फिरू लागलं. पडाव डोक्यावर आला, पायाखाली उजेड. वर कुठे आणि खाली कुठे हे कळेना. निकोने शिकवलं होतं की असं झालं तर तोंडातून सुटणारे बुडबुडे बघ, ते जातील ते वर. मी बुडबुड्यांकडे बघत दोराला तीन हिसके दिले.

वर आल्यावर निकोने माझ्या कानातून आलेलं रक्त पाहिलं, मग नाकाकडे पाहिलं. त्याला सगळं कळलं. वही उघडून त्याने स्वतः वेळ लिहिली आणि वही मला परत दिली नाही.

कान पिकला. ताप चढला. सरकारी इस्पितळात मला सहा आठवडे पडून राहावं लागलं. खाटेवर उठून बसलो तरी खोली फिरे. डाव्या बाजूला उशी केली की जग बंद, उजव्या बाजूला केली की शेजारच्या सोमाली खलाशाचं कण्हणं. दाऊदचाचा एक दिवसाआड कडीच्या डब्यातून पेज घेऊन येत.

"पी बघू गप. नखरे नकोत."

"चव नाही चाचा तोंडाला."

"चव नाय तर नाय. पोटाला कुठे जीभ आहे?"

मी घरी लिहीत असे, मी बरा आहे, काम भरपूर आहे म्हणून पत्राला उशीर. घरूनही येई, आम्ही बरे आहोत. दोन्हीकडून असंच चाललं होतं.

इस्पितळातून सुटायच्या आदल्या दिवशी चाचांनी एक पाकीट आणून दिलं. आमच्याकडे मृत्यूची बातमी असली की पत्राचा कोपरा फाडतात. हाती घेतल्याबरोबर कळतं, माणूस वाचण्याआधी बसून घेतो. या पाकिटाचे चारही कोपरे शाबूत होते. म्हणून मी पेजेचा घोट घेता घेता ते उघडलं.

कांबळे मास्तरांनी लिहिलं होतं की दादा मंगळवारी पहाटे गेले. परळच्या इस्पितळात आठ दिवस होते. छाती कापसाने भरली होती असं डॉक्टर म्हणाले. 'तुला कळवू नका असं तेच म्हणत होते. परदेशात माणूस काळजीने आजारी पडतो, असं त्यांचं म्हणणं. सगळं नीट पार पडलं. पुढचा कार्यक्रम तू आल्यावर करू.'

चाचांनी माझ्या हातातली वाटी काढून घेतली. "बाप?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. ते खाटेच्या कडेला बसले.

दादांसाठी मी काहीच केलं नव्हतं. आजारात नव्हतो, खांदा दिला नव्हता. आता एकच गोष्ट हातात उरली होती आणि मला एकच रीत ठाऊक होती. आजोबा गेले तेव्हा गावी नदीकाठी दादांनी डोकं भादरून घेतलं होतं, ते मी लहानपणी पाहिलं होतं. चुलत्याने भादरलं होतं, कारण गावचा न्हावी आमच्या माणसांना हात लावत नसे. दादांनी देव समुद्रात सोडले हे मला माहीत होतं, पण त्यांच्यामागे काय करायचं हे त्यांनी पत्रात कुठे लिहिलं होतं? दुसऱ्या दिवशी खोलीवर आल्यावर मी चाचांना म्हणालो, मला केस काढायचे आहेत.

"ये, मीच काढतो. वस्तरा आहे माझ्याकडे."

"नको चाचा. आपल्यातला न्हावी हवा."

आपल्यातला म्हणजे कोणातला, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांनी फक्त वस्तरा परत ट्रंकेत ठेवला आणि मला क्रेटरमधल्या (डोंगरांच्या खळग्यात वसलेल्या जुन्या गावातल्या) एका जिन्याखालचं दुकान सांगितलं.

न्हावी काठेवाडचा होता, म्हातारा, कानात बाळी. मी वडील गेल्याचं सांगताच त्याने खुर्ची बाजूला केली, जमिनीवर पाट मांडला आणि वस्तरा पट्ट्यावर घासत विचारलं, "कहाँ के?"

"मुंबई."

"कौन जात?"

दादांच्या बाबतीतली एक गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होती. तरुणपणी, मुंबईला आल्या आल्या, ते लालबागला एका सलूनच्या खुर्चीवर बसले. अर्ध्या गालाला साबण लावून झाल्यावर न्हाव्याने हाच प्रश्न विचारला. त्यांनी खरं सांगितलं. तसेच, अर्ध्या गालाला साबण घेऊन, ते चालत घरी आले. त्यानंतर ते आपले केस आपणच कापत, माझेही तेच कापत. हे सगळं मला त्या पाटावर बसल्या बसल्या आठवलं. आठवलं नाही असं मी म्हणू शकत नाही.

"मराठा," मी म्हणालो.

त्याने फार काळजीने केस काढले. आजारी कानाजवळ वस्तरा जपून फिरवला. मागे शेंडी राखली. वडिलांचं नाव विचारलं आणि ते नाव घेऊन हात जोडले. ऊन फार होतं, माझा घसा कोरडा पडला होता, ते त्याने न सांगता ओळखलं आणि स्वतःच्या तांब्यातलं पाणी मला दिलं. मी ते प्यालो. गार होतं.

खोलीवर आल्यावर आधी शेंडी कापून टाकली. ती का कापावी आणि बाकीचं डोकं का तसंच असावं, हे मला सांगता येईना.

कंपनीने मला परत पाठवलं. बहिऱ्या कानाचा माणूस त्यांच्या उपयोगाचा नव्हता. धक्क्यावर निको आला होता. त्याने माझ्या डोक्याकडे पाहून छातीवर क्रूस काढला आणि माझ्या चांगल्या कानाशी येऊन म्हणाला, "पुन्हा कुणाला नाक खोटं दाखवू नकोस." चाचांनी सुक्या सुरमईचं पुडकं दिलं. "आईला दे. म्हणावं, भटजी हट्टी आहे पण पोर चांगलं आहे." तेव्हाही मी भटजीच राहिलो.

परतीच्या बोटीवर सहा दिवस मी डेकवर टोपी घालून पडून होतो. माझ्या डाव्या बाजूला समुद्राला आवाज नव्हता.

मुंबईत निवडणुका होऊन गेल्या होत्या. गिरणगावच्या भिंतींवर कागदांचे थर होते आणि समितीचे लोक निवडून आल्याचा आनंद अजून नाक्यानाक्यावर बोलला जात होता. वाटेत ओळखीची माणसं हाक मारत होती, पण डावीकडून मारलेली हाक मला ऐकू येत नव्हती.

आईने मला पाहिलं आणि ती आधी रडली. मग तिने माझी टोपी काढली. खुरट्या केसांवरून तिचा हात फिरता फिरता थांबला.

"ह्ये कुठं केलंस?"

"अदनला. दादांसाठी."

"त्येनीच सांगून ठेवलं व्हतं, माझ्यामागं ह्यातलं कायबी करू नका. कागदाचा कोपराबी फाडू दिला न्हाई मी मास्तरांना." तिने हात काढून घेतला. "कुनी काढलं?"

"न्हाव्याने."

"इचारलं न्हाई त्यानं?"

तिथे, दारातच, मी खोटं बोलू शकलो असतो. "विचारलं," मी म्हणालो. "मी मराठा म्हणून सांगितलं."

आईने टोपी माझ्या हातात दिली.

"क्यास येत्याल," ती म्हणाली. "तुझा बाप खरं सांगायचा आन् भाइर हुबा ऱ्हायचा. जल्मभर. त्येच्या नावानं तू आत जाऊन बसलास."

पुढचे तीन दिवस तिने मला वेळेवर जेवायला वाढलं. बोलली नाही.

चौथ्या दिवशी, रविवारी संध्याकाळी, चाळीच्या पटांगणात कार्यक्रम होता. भिंतीला दादांचा फोटो, समोर मेणबत्त्या. कांबळे मास्तरांनी वंदना म्हटली, लोकांनी त्यांच्यामागून म्हटली. काहींना पाठ होती, काही ओठ हलवत होते. मी दुसऱ्यांत होतो. मग मास्तर म्हणाले, "आता सुदाम दोन शब्द बोलेल." नव्या रीतीत मुलाने एवढंच करायचं होतं.

मी एक पान लिहून आणलं होतं. दादांचे कष्ट, दादांचा स्वाभिमान, असं सगळं त्यात होतं. पहिली ओळ वाचली आणि पुढे वाचता येईना, कारण आई समोरच बसली होती. मी कागद खाली केला आणि अदनच्या न्हाव्याची हकीकत सांगितली. पाण्यापर्यंत सगळी. कोणीतरी म्हणालं, "आरं, आज कशाला ह्ये?"

मग मागून एक म्हातारा उठला. तो आमच्या चाळीतला नव्हता. धोतर, काळी टोपी. त्याने तोंड उघडलं तर मला ऐकू येईना, म्हणून मी उजवा कान त्याच्याकडे केला.

"मी काळाचौकीला ऱ्हातो," तो म्हणाला. "गाव ह्येच्या बापाचंच. मीबी मराठाच सांगितलं व्हतं, गिरणीत लागताना. साच्यावर, म्हंजी मागावर, आपल्याला घेत नव्हतं. धोट्याच्या भोकातला धागा तोंडानं वढायचा असतो, त्ये आपलं उष्टं बाकीचे कसं चालवून घेत्याल? तर तेवीस वर्सं मी धागा वढला. मराठा म्हनून."

"मग आता कशाला आलास?" एका बाईने विचारलं.

"सांगायला," तो म्हणाला. "ह्येचा बाप त्याच गिरनीत, कापसाच्या धुळीत. त्यानं खरं सांगितलं म्हनून धुळीत. रोज फाटकात भेटायचा. एका शब्दात माझी भाकर घालवली आसती त्यानं. तर मोठ्यानं म्हनायचा, 'राम राम, गोविंदराव!' चार मानसं आयकत्याल असं. तेवीस वर्सं. गावात आमी एका ताटात जेवल्यालो, मला गोंद्या म्हनायचा त्यो."

तो तसाच उभा राहिला. बसावं की जावं हे त्याला कळत नव्हतं.

आईने पदराने डोळे पुसले. ही गोष्ट दादांनी तिलाही कधी सांगितली नव्हती, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ती उठली, माणसांमधून वाट काढत त्याच्यापर्यंत गेली.

"जेवून जावा, गोविंदराव," ती म्हणाली.

"गोंदा म्हना, वैनी."

आई मागे वळली आणि तीन दिवसांनंतर पहिल्यांदा माझ्याशी बोलली. "सुदा, पानं घे. तुझं आन् ह्येंचं शेजारी मांड."

पासपोर्टवर मी मुंबईत उतरल्याचा शिक्का बुधवारचा आहे. परदेशातून आलेले लोक घरी पोचल्याची तारीख त्यावरून सांगतात. मी रविवार सांगतो. जेवताना म्हातारा माझ्या डाव्या बाजूला बसला होता आणि दादांबद्दल खूप काही सांगत होता. त्यातलं बरंचसं मला ऐकू आलं नाही. मग मी ताट उचललं आणि त्याच्या पलीकडे जाऊन बसलो.